भरली दरवर्षी, फिरली एकदा

बसा मित्रांनो. उभ्या माणसाशी बोलायचा मला कंटाळा येतो. मी एक जुनी मोटर आहे आणि आर्णीच्या एका प्रशिक्षण केंद्रात खिडकीजवळच्या टेबलावर असते. कधीकाळी माझा रंग हिरवा होता. आता कुठेही बोट लावा, गंजच हाताला लागेल.

माझा जन्म फार लांब, कोइंबतूरला झाला. तिथून मला इकडच्या एका जिनिंगमध्ये आणलं. सरकीपासून रुई वेगळी करणारी यंत्रं मी फिरवायचे. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर जायची आणि मला उसंत मिळायची नाही. तरी तेव्हा कंटाळा कसा तो माहीत नव्हता. मग बोंडअळीची वर्षं आली. रांग आखडत आखडत फाटकाच्या आत आली, आणि एक दिवस जिनिंगलाच कुलूप लागलं. "पोरं शिकतील बिचारी," असं म्हणून मालकाने मला केंद्राला देऊन टाकलं.

त्या सुमारास जो तो म्हणत होता, कापसावर भागत नाही, पोरांनी एखादा हुन्नर शिकून घ्यावा. मलाही ते पटलं होतं. मोटर भरणं म्हणजे तिच्या पोटातल्या खाचांमध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी बसवणं आणि त्यांची टोकं बरोबर जोडणं. नरहर सर ते शिकवायचे, अगदी जीव ओतून शिकवायचे. पण खोलीत वीज होती ती एका ट्यूबलाईटपुरती आणि एका पंख्यापुरती. मला लागते थ्री फेजची लाईन. तिच्यासाठी सरांनी किती उंबरठे झिजवले, पण लाईन काही आली नाही.

मग केंद्राची रीतच पडून गेली. पोरांनी मला भरायचं, पाहुण्यांनी येऊन वा वा करायचं, प्रमाणपत्रं वाटायची आणि पुढच्या बॅचसाठी सगळी तार कापून मला पुन्हा रिकामं करायचं. दरवर्षी हेच! पोट भरलेलं आणि फिरायचं मात्र नाही, याचा शीण कामाच्या शिणाहून वाईट असतो. शिकून गेलेली पोरं पुण्यात कुणाच्या तरी दारावर पहारा देतात, असं कानावर यायचं. मी थकले होते, मित्रांनो.

अशाच एका बॅचमध्ये गुंजन होती; त्या वर्षी मला तिनेच भरलं. दारव्ह्याजवळच्या खेड्यातली, कापूस पिकवणाऱ्या घरची. वडिलांनी तिला बजावलं होतं, "दसऱ्यापावतर काम लागलं तं ठीक, नाही तं वेचणीले चाल." स्वतःच्या वावरात काही उरलं नव्हतं, म्हणजे दुसऱ्याच्या वावरात वेचायला जायचं. ती प्रमाणपत्र घेऊन दारव्ह्याला पुंडलिकरावांच्या मोटर दुरुस्तीच्या दुकानात गेली आणि तोंड पाडून केंद्रात परत आली.

"काकाजी म्हणतात, कागद नोको दाखवू, भरलेली मोटर चालवून दाखव," ती सरांना म्हणाली. "सर, हिची तार नोका कापू. मले घेऊन जाऊ द्या हिले."

"अगं, पण नवी बॅच यायची आहे..."

"एक डाव तरी फिरू द्या न तिले!"

सरांनी हातातला कटर खाली ठेवला. मग त्यांनीच मला पोत्यात बांधायला हात लावला.

पुंडलिकरावांच्या दुकानात लाईन होती. कितीतरी वर्षांनी अंगात करंट आला, आणि मी नुसती गुरगुरले. थरथरले, तापले, पण जागची हलले नाही. पुंडलिकरावांनी बटण बंद केलं.

"काहून वं बाई? हे तं रडून राह्यली."

गुंजनचं तोंड एवढंसं झालं. "सरांनी शिकवली तशीच भरली, काकाजी."

"कोनी चालवून पाह्यली होती काय कधी?"

तिने नाही म्हणून मान हलवली. पुंडलिकराव हसले नाहीत. "आर्णीची शेवटची जीप सांजी सुटते. तवर बस. जमलं तं जमलं."

तिने मला उघडलं. एकेक टोक बोटाने धरून मागे मागे शोधत गेली. एका फेजचं सुरुवातीचं टोक शेवटाच्या जागी जोडलेलं होतं. सर शिकवायचेच तसं. आजवरची सगळी पोरं तेच शिकून गेली होती, आणि केंद्रात मी कधी फिरलेच नाही म्हणून ते कुणालाच कळलं नव्हतं, मलासुद्धा नाही. टोकं बदलून जोडाला कथलाचा डाग देताना तिचा अंगठा पोळला. तो तोंडात घालून तिने दुसऱ्या हाताने काम चालूच ठेवलं.

बाहेर जीपवाला "आर्णी, आर्णी" ओरडायला लागला तेव्हा पुंडलिकरावांनी बटण दाबलं. आणि मी फिरले! अंगातून जिनिंगच्या दिवसांतला वारा गेला. आनंदाने रडणारच होते, पण मोटर रडली की माणसं बटण बंद करतात.

"सोमवारपासून ये," पुंडलिकराव चहा सांगावा तसं म्हणाले.

गुंजनने मला केंद्रात परत आणून सरांना सगळं सांगितलं. ते माझ्यावर हात ठेवून बसून राहिले. "इतकी वर्षं, बेटा..." ते म्हणाले. त्यानंतर माझी तार कापायला कुणी धजावेना. टोकं कशी जोडायची ते सर आता बरोबर शिकवतात, पण फळ्यावर. मला हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात. 'हीच ती चालती मोटर,' असं पाहुण्यांना सांगतात. वाटलं होतं, आता विसावा मिळेल. पण त्या विसाव्यात गंजच तेवढा वाढला.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गुंजन सरांना सोनं द्यायला आली. हाताला दुकानातल्या वार्निशचे डाग होते.

"तुझी मोटर जपून ठेवली बघ," सर कौतुकाने म्हणाले.

तिने माझ्या गळ्यातला हार काढला आणि कटर मागितला.

"अगं, चालती मोटर आहे ती!"

"म्हणूनच, सर."

जे तिने भरलं होतं ते तिनेच कापलं. एकदा मात्र हात थांबला तिचा. मग नव्या बॅचमधल्या निशिगंधाकडे तिने तारेचं नवं बंडल सरकवलं. "भर. झाली की काकाजीच्या दुकानी आन, तिथं लाईन हाये. जळली तं जळली."

म्हणून सांगते मित्रांनो, माझी पूजा करू नका. मला भरा, जोडा आणि बटण दाबून पाहा. चुकलं तर माझ्या पोटात चुकू दे, पोरांच्या आयुष्यात नको. मी थकलेली आहे, पण एवढं सोसेन.

निशिगंधा पहिलं वेटोळं बसवते आहे. जरा वाकडंच बसतंय. मला टोचतंय, पण मी हलत नाही. आम्हाला दारव्ह्याला जायचं आहे.