मला जुनी होऊ देऊ नका

मित्रांनो, मी एक जुनी लघवीची नळी आहे. नाक मुरडू नका. तुमच्याही घरी कधी ना कधी माझी एखादी बहीण पायधूळ झाडणार आहे, तेव्हा आत्ताच ऐकून घेतलेलं बरं. जुनं घड्याळ, जुनी सायकल आपली कहाणी सांगतात तेव्हा त्यांचा ऊर कसा भरून येतो! जुनं होणं हा त्यांचा मान. माझ्यासारखीनं मात्र जुनं व्हायचंच नसतं. मी जुनी झाले, याचा अर्थ कुणीतरी मला विसरलं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. रबराचं बारीक अंग, एका टोकाशी इवलासा फुगा. माणसाच्या मूत्राशयात शिरल्यावर त्या फुग्यात पाणी भरतात, म्हणजे मी निसटत नाही. दुसऱ्या टोकाला पिशवी जोडतात. मी आणि पिशवी जोडलेल्या असलो की बाहेरच्या जंतूला आत यायला दार राहत नाही. जन्मतःच मला निर्जंतुक करून पाकिटात बंद केलं होतं. त्या वेळी मी इतकी स्वच्छ होते की देवघरातल्या घासलेल्या तांब्यानंही मला नावं ठेवली नसती.

माझं पाकीट सोलापुरातल्या एका खासगी दवाखान्यात फुटलं, ते रुद्रप्पांसाठी. रुद्रप्पा म्हणजे सूतगिरणीतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, ताठ कण्याचे गृहस्थ. शहरातल्या जुळे सोलापूर भागात मुलाच्या फ्लॅटवर राहत. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि शस्त्रक्रियेच्या वेळी मला बसवलं. पहिल्या दिवशी माझं काय कौतुक! मुलगा युवराज म्हणाला, "बरी सोय झाली. आप्पांना हलवायला नको."

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर फेरीवर आले आणि म्हणाले, "उद्या नळी काढा." मी खूश झाले. पण तो उद्या काही उगवला नाही! सकाळच्या सिस्टरला वाटलं रात्रीच्या सिस्टरनं काढली, रात्रीच्या सिस्टरला वाटलं सकाळी काढतील. सात सुगरणी आणि भाजी अळणी. एका सिस्टरच्या ध्यानात आलंही, तर युवराजच म्हणाला, "राहू द्या की सिस्टर. आप्पांना उठवायचं म्हणजे दोघं लागतात." अरे, ही सोय कुणाची? तुझी की तुझ्या बापाची? पुढे रुद्रप्पा वॉकर धरून चालायला लागले, तरी मी तिथंच. बारशाच्या पाहुण्यानं लग्नापर्यंत मुक्काम ठोकावा, तशी मी राहिले.

रुद्रप्पा कूस बदलत, तेव्हा मी ओढली जाई. त्यांना सारखी लघवीला लागल्याची भावना होई, पोटात कळ येई. ते दात आवळत आणि गप्प बसत. असलं दुखणं सुनेसमोर, मुलासमोर बोलायचं कसं? मला बोलता येत असतं, तर मी वॉर्ड डोक्यावर घेतला असता.

घरी सोडलं तेही माझ्यासकट. "आठ दिवसांनी या, काढून टाकू," असं सांगितलं होतं. रिक्षात युवराजनं पिशवी उचलून वडिलांच्या मांडीवर ठेवली, वरून चादर टाकली. लोकांनी बघायला नको ना! पाणी उताराकडं वाहतं, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. पिशवी वर गेली की तिच्यातली घाण माझ्यातून परत आत जाते. हे पतसंस्थेत साहेब असलेल्या युवराजला कुणी सांगायचं? घरी आल्यावर कधी लिफ्ट बंद, कधी युवराजला रजा नाही. आठ दिवस केव्हाच होऊन गेले.

आणि मग सुरू झाला खरा घोळ, तोही स्वच्छतेपायी.

रुद्रप्पा लिंगायत. त्यांच्या गळ्यात चोवीस तास इष्टलिंग. सकाळी अंघोळ करायची, विभूती लावायची, लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच तोंडात पाणी घालायचं, हा त्यांचा जन्माचा नेम. घरी आल्यावर पहिल्याच सकाळी ते अडून बसले.

"ही मुताची पिशवी अंगाला लावून लिंग हातात घेऊ व्हय?"

त्यांची बायको चंद्रव्वा देवभोळी, नवऱ्याच्या शब्दाबाहेर न जाणारी. तिनं तोड काढली. अंघोळीआधी पिशवी माझ्यापासून ओढून काढायची, माझं उघडं तोंड दुमडून सुतळीनं बांधायचं आणि पिशवी न्हाणीत खुंटीला अडकवायची. पूजा झाली की पुन्हा जोडायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. हात साबणानं धुतलेले असत, पण ती सुतळी? ती खुंटी? सोवळं पाळता पाळता दोघांनी दिवसातून दोनदा जंतूंना दार उघडून दिलं! भरीला भर म्हणून रुद्रप्पांनी पाणी पिणं कमी केलं, का तर पिशवी लवकर भरते. आत साचलेल्या गाळानं माझा जीव गुदमरला. माझ्या बाजूनं लघवी झिरपायला लागली. चंद्रव्वा मुकाट्यानं चादरी धूत राहिली.

एका दुपारी रुद्रप्पांना अशी हुडहुडी भरली की पलंग वाजायला लागला. अंग तापलं, बोलणं बरळल्यासारखं झालं, पिशवीतलं पाणी गढूळ लालसर दिसलं. युवराजनं त्यांना उचलून दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या सबिहा डॉक्टरांनी चादर बाजूला केली, मला पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला,

"ही अजून का आहे?"

काय सांगू मित्रांनो! इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता.

"पिशवी मधूनमधून नळीपासून सोडता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"सोडतो की," चंद्रव्वा अभिमानानं म्हणाली. "रोज दोन टायम. पूजेला बसायचं असतंय न्हवं."

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि उघडले. मग शांतपणे समजावलं. जंतू आत गेले आहेत, ते रक्तात पसरले तर जिवावर बेतेल. ही जुनी नळी लगेच काढू, सलाईनमधून औषध देऊ. पण ताप उतरेपर्यंत लघवीवर लक्ष ठेवायला एक नवी नळी लागेल. तिची पिशवी कुणीही सोडायची नाही, आणि पाणी भरपूर प्यायचं.

फुग्यातलं पाणी काढून त्यांनी मला बाहेर घेतलं. माझा थोडा तुकडा तपासायला नेला आणि उरलेली मी कोपऱ्यातल्या लाल डब्यात पडले. माझ्या जागी माझी धाकटी बहीण गेली. झाकण अर्धवट उघडं होतं, म्हणून पुढचं सगळं मला दिसलं.

सकाळ झाली. रुद्रप्पा शुद्धीवर होते, ओठ कोरडे पडले होते. चंद्रव्वानं पाण्याचा पेला पुढं केला. त्यांनी तोंड फिरवलं.

"पूजा न्हाय झाली. पिशवी सोड, मग."

"डाक्टरीणबाई न्हाई म्हणाल्यात."

"मग पाणी बी न्हाई."

सिस्टरनं सांगून पाहिलं, युवराजनं हात जोडले. म्हातारा हटेना. दुपार झाली तरी तोंडात थेंब नाही. मला तर डब्यातून उडी मारून त्यांच्या कानात ओरडावंसं वाटत होतं. एवढ्यात जन्मभर वर तोंड करून न बोललेली चंद्रव्वा उठली आणि पेला टेबलावर आदळला.

"साकु! पुरं झालं आता. अवं, लिंग गळ्यात हाय की तुमच्या. रात्रंदिस हाय. नळी घातली तवा बी हुतं, पिशवी भरली तवा बी हुतं. पिशवी बघून ते उठून गेलं का कुटं? तुमाला सोडून न्हाई गेलं ते. तुमीच त्येला सोडून चाललाय पाण्यावाचून!"

रुद्रप्पांचा हात छातीवरच्या लिंगावर गेला. बराच वेळ तिथंच राहिला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "विभूती आणलीस का?"

पिशवी पलंगाखाली लटकत होती, आणि त्यांनी लिंग तळहातावर घेतलं. पूजा झाली. मग पेलाभर पाणी प्याले, आणखी एक मागितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं, पण रबराला रडता येत नाही.

ताप उतरला. डॉक्टरांनी माझ्या बहिणीलाही बाहेर काढलं आणि बजावलं, "संध्याकाळपर्यंत आपोआप लघवी झाली तर ठीक. नाहीतर पुन्हा नळी." लाल डबा न्यायला माणूस अजून आला नव्हता. मी कान टवकारले.

रुद्रप्पा वॉकर टेकत संडासात गेले. दार लोटलं. काही नाही. बाहेर चंद्रव्वानं बेसिनचा नळ सोडला, पाण्याच्या आवाजानं होते म्हणतात म्हणून.

"नळ बंद कर गं!" आतून आवाज आला. "मला माझं ऐकू यीना."

तिनं नळ बंद केला. आणि मग आली, बारीक, अडखळत, पण आली.

"लई जळतंय," रुद्रप्पा आतून म्हणाले, "पर माझं मलाच हुतंय."

चंद्रव्वा पदर तोंडाशी धरून रडली. जळजळ पुढं बरेच दिवस राहील, कधी वेळेवर पोचता येणार नाही, धोतर ओलं होईल आणि म्हातारा शरमेल. डॉक्टर तसं सांगून गेल्या होत्या. माझ्यासारखी निघून गेली तरी तिचं देणं मागं राहतं.

मित्रांनो, बाकीच्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला सांभाळा, टाकून देऊ नका. माझी विनंती उलटी आहे. गरज असेल तेव्हा मला जरूर घाला, मी इमानानं काम करीन. मी आत असेतोवर मला पिशवीपासून तोडू नका, पिशवी कमरेखाली ठेवा आणि माणसाला पाणी पाजा. मला स्वतः ओढू मात्र नका, आतला फुगा जखम करतो. डॉक्टरांना, सिस्टरना रोज सकाळी न लाजता विचारा, "ही अजून का आहे?" उत्तर मिळालं नाही, तर पुन्हा विचारा.

डबा न्यायला माणूस आला आहे. शेजारच्या पलंगावर आत्ताच एक पाकीट फुटल्याचा आवाज आला. तिथं कुणाची तरी आई झोपली आहे आणि तिचा मुलगा म्हणतोय, "बरी सोय झाली." जा रे कुणीतरी, त्याला सांगा.