मालट्रकची ट्यूब तळ्यावर गेली

मी एक जुनी ट्यूब आहे. सायकलची नव्हे, मोटारीचीही नव्हे, दहा टन माल वाहणाऱ्या ट्रकची. अंग काळेभोर, पोट गरगरीत आणि त्यावर दोन ठिगळे. मित्रांनो, हसू नका. एकही ठिगळ नसलेली ट्यूब म्हणजे कधी घराबाहेर न पडलेली ट्यूब.

कारखान्यातल्या तापलेल्या साच्यातून मी बाहेर आले, तेव्हा कुणीतरी माझ्या अंगाला पांढरी पावडर फासली. समोरच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आत आला होता. तो मी जेमतेम पाहिला, तोच मला घडी घालून खोक्यात कोंबले. खोक्यातून निघाले ती थेट टायरच्या पोटात गेले. आत हवा भरली आणि मी काळोखात बंद झाले. मग किती वर्षे गेली ते मला सांगता येणार नाही, कारण काळोखात कॅलेंडर नसते.

विचार करा, मी केवढी फिरले असेन! घाट चढले, पूल ओलांडले, समुद्राच्या काठाकाठाने धावले, आणि पाहिले काय? शून्य. ऐकू मात्र सारे येई. आमचा ड्रायव्हर रोज सकाळी निघण्यापूर्वी लोखंडी दांड्याने प्रत्येक टायर ठोकून बघत असे. आधी एक हलका ठोका, मग एक दणका. आवाजावरून त्याला आतली हवा कळे. माझ्या टायरपाशी आला की तो म्हणायचा, "आहेस ना गं?" मी आतून घुमून त्याला ओ देई.

एकदाच, भर दुपारी, मला खिळा लागला. ड्रायव्हरने टायर खोलून मला रस्त्याकडेला काढले, जुन्या रबराचा चौकोनी तुकडा सुरीने कापला आणि दाबून चिकटवला. तेवढ्या वेळात मी त्याच्या काळ्याभोर मिशा पाहिल्या, कपाळावरचा घाम पाहिला, आणि त्याच्या डोक्यामागे काहीतरी निळे, न संपणारे असे पाहिले. ते काय आहे हे विचारायच्या आत मी पुन्हा टायरमध्ये होते. त्या निळ्याची आठवण मी पुढे सारा जन्म पुरवून पुरवून वापरली.

पुढे ट्रक म्हातारा झाला, भंगारात निघाला, आणि त्याच्याबरोबर मीही. भंगारवाल्याच्या ढिगाऱ्यात मी चिरगुटासारखी पडून राहिले. हवा नसली की आम्हा ट्यूबांना धड शुद्ध नसते, म्हणून त्या दिवसांबद्दल काही सांगत नाही. सांगण्यासारखे काही नव्हतेही.

मला तिथून उचलले ते शेजारच्या पंक्चरवाल्याने. त्याने हवा भरली, पाण्याच्या टाकीत बुडवून बुडबुडे येतात का ते पाहिले आणि चौकोनी ठिगळावर अंगठा फिरवून तो हसला. ठिगळ नेहमी गोल कापायचे असते, कोपरे ठेवले तर तिथूनच ते सुटू लागते, हे त्याच्या धंद्यात पोरासोरांनाही ठाऊक. "कुणा अडाण्यानं लावलंय," तो म्हणाला, "पण धरलंय मात्र पक्कं." मग माझ्या व्हॉल्व्हची वाकडी दांडी कुणाला टोचू नये म्हणून त्याच्या बायकोने तिला शिवणकामातल्या चिंध्यांची गुबगुबीत पट्टी बांधली. मला कळेना, एवढे लाड कशासाठी?

ते कळले घरी गेल्यावर. त्या घरात उन्हाळ्याच्या सुट्टीचा बेत शिजत होता. बेताची मालकीण होती पंक्चरवाल्याची थोरली मुलगी. तिला सगळे मॅनेजरबाई म्हणत. वय अकरा, पण तोरा असा की जणू साऱ्या गावाच्या बसगाड्या तिच्या हुकमावर सुटतात. धाकटा भाऊ टिल्लू. त्याला घसरगुंड्यांचे ते मोठे वॉटर पार्क हवे होते. तिथली तिकिटे म्हणजे घरचा निम्मा किराणा. तेव्हा अंथरूण पाहून पाय पसरायचे ठरले, आणि गावाबाहेरचे फुकटातले तळे आणि फुकटासारखी मी, असा बेत पक्का झाला.

पण मॅनेजरबाईचे मन तळ्यात नव्हते. तिला घरातली पाचही माणसे एकदा तरी एकत्र बाहेर न्यायची होती. आजवर ते कधी झालेच नव्हते. अडचण आजोबांची होती. जन्मभर ट्रक चालवून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. टेकडी म्हटली की चढ आडवा येई, प्राणिसंग्रहालय म्हटले की चाल आडवी येई. ते म्हणत, तुम्ही जा, पुढच्या वर्षी बघू. मग त्यांच्या सोबतीला आई घरी राही, आणि सहलीला जायचे ते पाचातले तिघे. एखाद्या वेळी आजोबा आलेच, तर पहिल्या बाकावर टेकत आणि म्हणत, "माझं काय, मी सामान सांभाळतो." या वाक्यापुढे कुणाचे काही चालत नसे.

या वेळी मॅनेजरबाईने सगळी चौकशी आधीच करून ठेवली होती. बस तळ्याच्या दारातच थांबते, दारापासून पाण्यापर्यंत उतार नाही आणि झाडाखाली बाक आहे. ती आजोबांना म्हणाली, "तुम्ही येणार नसाल तर कुणीच जायचं नाही." आजोबा तोंडातल्या तोंडात पुटपुटले, पण तयार झाले.

रविवारी सकाळी नवीनच पेच. फुगवलेली मी बसच्या दारातून आत जाईना. कंडक्टर म्हणाला, हिला घेतली तर माणसे टपावर बसवावी लागतील. हवा सोडावी, तर तळ्यावर भरायची कशी? दुकानातला कॉम्प्रेसर काही पिशवीत मावत नाही. शेवटी आई, आजोबा आणि टिल्लू बसने पुढे गेले, आणि बापलेकींनी मला रस्त्यावरून ढकलत न्यायचे ठरवले.

मित्रांनो, ती सकाळ मी कशी सांगू! मी गडगडत निघाले आणि जग माझ्याभोवती फिरू लागले. निळे, मग रस्ता, मग पुन्हा निळे. जे मी एकदाच ओझरते पाहिले होते, ते दर फेऱ्याला डोक्यावर येत होते, आणि दर वेळी तेवढेच मोठे! झाडे होती, खिडक्या होत्या, वाळत घातलेले कपडे होते, शेपूट हलवत मागे लागलेले एक कुत्रे होते. याच रस्त्यांवरून मी शेकडो वेळा गेले असेन. एवढे सगळे इथेच होते? टायरच्या पलीकडे, अंगठाभर अंतरावर?

आणि तेवढ्यात काच लागली. पंक्चरवाल्याच्याच ट्यूबला पंक्चर. सुट्टीच्या दिवशी कामाचे नाव नको म्हणून तो हत्यारांची पिशवी मुद्दाम दुकानात ठेवून आला होता. त्यामुळे जायची वेळ आली ती वाटेतल्या दुसऱ्या पंक्चरवाल्याकडे. आमच्या धन्याला गिऱ्हाईक होण्याची सवय नव्हती. तो सारखा उठे, कानस नीट घास म्हणे, सोल्यूशन जरा वाळू दे म्हणे. शेवटी तो दुकानदार शांतपणे म्हणाला, "दादा, आज तुम्ही गिऱ्हाईक आहात. बाकावर बसा." मॅनेजरबाई तोंडावर हात धरून हसत सुटली. दुकानदारही चौकोनी ठिगळ पाहून हसला, हे कुणाचे म्हणून त्याने विचारले. पैसे मात्र त्याने घेतले नाहीत, धंद्यातल्या माणसाकडून कसले घ्यायचे म्हणाला.

मग आले तळे. मला ठाऊक असलेले पाणी म्हणजे दुकानातली टाकी. इथे पाणी पसरतच गेले होते, कुणीही न भरलेले, आणि ते निळे वरून खाली उतरून त्यात आडवे झाले होते. उथळ भागाला दोर बांधला होता आणि शिटी गळ्यात अडकवून एक जीवरक्षक उंच खुर्चीवर बसला होता. टिल्लू माझ्यावर चढला, घसरला, पुन्हा चढला. घसरगुंडीचे नावही त्याने काढले नाही.

पण मॅनेजरबाई पाण्यात गेलीच नाही. ती बाकाकडे पाहत उभी होती. बाकावर आजोबा बसले होते, काठी गुडघ्यांत धरून, आणि त्यांच्याशेजारी आई, दोघांच्या मधे पिशव्या. पाचही जणांना आणले खरे, पण तिघे पाण्याशी आणि दोघे सामानाशी. बस बदलली, जागा बदलली, बाकी सगळे तेच. तिचे डोळे भरून आले होते.

इतक्यात माझ्या व्हॉल्व्हची पट्टी सैल झाली. टिल्लूने मला गडगडत आईकडे आणले आणि बाकाला टेकवले. आजोबांनी न बघताच काठी उचलली आणि मला ठोकले. आधी हलकेच. मग दणका.

मित्रांनो, माझ्या आतली सारी हवा उभी राहिली! मिशा नव्हत्या, केस पिकले होते, पण तो हात! मी जिवाच्या आकांताने घुमले.

आजोबांचा हात थबकला. त्यांनी मला जवळ ओढले, तळवा फिरवत फिरवत नेला आणि चौकोनी ठिगळावर थांबवला. मॅनेजरबाईचे बाबा सांगू लागले की ते कुणीतरी घाईघाईत लावलेले ठिगळ आहे.

"कुणीतरी नाही," आजोबा म्हणाले. "मी."

मग त्यांनी ती दुपार सांगितली. कात्री नव्हती, सुरी बोथट होती, आणि माल वेळेवर पोचवून लेकाच्या शाळेतल्या पहिल्या दिवसाला घरी यायचे होते. बाबांनी विचारले, मग आलात का? आजोबा म्हणाले, "दुसऱ्या दिवशी आलो." बाबांनी खाली वाकून आजोबांच्या चपला काढल्या.

आई सवयीने पिशव्या गोळा करू लागली. आजोबा म्हणाले, "ठेव गं झाडाखाली. कोण नेतंय? चार डबे आणि एक कलिंगड."

दोन्हीकडून धरून त्यांना उथळ पाण्यात आणले आणि माझ्या मधोमध बसवले. मला एक दोर बांधून तो मॅनेजरबाईने धरला. पाण्याने त्यांचे गुडघे अलगद वर उचलले. ते कितीतरी वेळ त्या गुडघ्यांकडेच पाहत राहिले, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत. म्हणाले, "दुखत नाहीत." मग मान मागे टाकून त्यांनी वर पाहिले. त्यांनीही सारा जन्म समोरचा रस्ताच पाहिला होता. आम्ही दोघे एकाच वेळी त्या निळ्याखाली उताणे पडलो होतो. आई गुडघाभर पाण्यात उभी राहून हसत होती, तिचे कपडे पार भिजले होते.

"इतकी वर्षं मला वाटायचं, मी हिला चालवतोय," आजोबा म्हणाले.

मी दहा टन वाहिले आहेत, मित्रांनो. पण इतके जड आणि इतके हलके ओझे मी कधी वाहिले नव्हते.

आता मी दुकानात सावलीतल्या खुंटीवर असते. उन्हात टाकलेले रबर तडकते, खिळ्याला टांगलेले फाटते, आणि अगदी रिकामे ठेवले तर घडीवर चिरते. म्हणून आमच्यात थोडी हवा राहू द्या. आजोबा रोज संध्याकाळी येऊन काठीने दोनदा ठोकतात आणि विचारतात, "आहेस ना गं?" मी ओ देते. परवा मॅनेजरबाई पुढच्या रविवारचा बेत सांगायला लागली, तर त्यांनी तिला मधेच थांबवले. म्हणाले, "आधी सामानाचं ठरवा. मला वेळ नाही."

तुम्हीही या सुट्टीत कुठेतरी जाल. लांब जा, जवळ जा, पैसे असोत वा नसोत. एवढेच करा, सामान आळीपाळीने सांभाळा.