पाहुण्यांसाठी घासलेली टाकी

चिमीला अडीच वर्षं झाली तरी तिचं वजन दीड वर्षाच्या पोरीइतकंच भरत होतं, आणि तिच्या आईला तो आकडा ग्रॅमसकट पाठ होता. वस्तीत त्या आईला सगळे ‘कॉलेजवाली’ म्हणायचे. कौतुकानं म्हणतात की टोमणा मारतात, ते बोलणाऱ्याचं तोंड बघितल्याशिवाय कळायचं नाही. तिच्याकडे एक लांबट वही होती. पोरीला जुलाब कधी लागले, दिवसातून किती वेळा, ताप किती चढला, आदल्या दिवशी काय पोटात गेलं होतं, सगळं तारीखवार लिहिलेलं. वर्षभरात अकरा दुखणी.

सासूबाई म्हणायच्या, “अगं, पोरं अशीच पडतात-झडतात आणि वाढतात. तुझ्या नवऱ्याला काय मी वहीत लिहून वाढवला?”

“म्हणूनच त्यांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत,” ती म्हणायची. सासूबाईंना हसू यायचं आणि विषय तेवढ्यापुरता संपायचा.

दोष वस्तीच्या टाकीच्या पाण्यात आहे अशी तिची खात्री होती. घरात ती पाणी उकळायची, गाळायची, झाकून ठेवायची. पण सकाळी सातला ती फळांच्या पॅकिंग शेडवर जायची आणि चिमी पाळणाघरात. तिथं बत्तीस पोरं एकाच पिंपातलं पाणी प्यायची आणि पिंप भरायचं ते टाकीच्याच नळावर. बरोबर दिलेली बाटली संध्याकाळी रिकामी परत यायची, पण कुणाच्या पोटात रिकामी झाली हे सांगायला तिथल्या बाईंना फुरसत नसायची.

त्यामुळे विद्यापीठाची माणसं वस्तीत आली तेव्हा तिला देव भेटल्यासारखं झालं. जवळपासच्या चार वस्त्यांचं पाणी वर्षभर, दर महिन्याला तपासायचं आणि जिथं खराब निघेल तिथं शुद्धीकरणाचं यंत्र बसवायचं, असा त्यांचा प्रकल्प होता. प्राध्यापक मॅडम साध्या, गोड बोलणाऱ्या. त्यांना वस्तीतलं शिकलेलं माणूस हवं होतं. कॉलेजवालीनं हात वर केला आणि समन्वयक झाली. पगार नाही, गळ्यात अडकवायला ओळखपत्र.

मॅडमचा एक नियम मात्र कडक होता. “ताई, लोकांना सांगितल्याशिवाय आपण त्यांच्या नळाला हात लावत नाही. त्यांचं पाणी आहे, मान त्यांचा. आदल्या दिवशी टाकीवाल्यांना कळवायचं म्हणजे कळवायचं.”

तिला हे फार आवडलं होतं. सरकारी माणसं गाडीतून उतरायची ती थेट अंगावर ओरडतच. त्यामुळे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी शेडवरून येताना ती न चुकता टाकीमामांच्या दारात उभी राहायची. टाकीमामा म्हणजे टाकी सांभाळणारे, साठी ओलांडलेले, गुडघ्यांनी कुरकुरणारे.

“मामा, उद्या मॅडम येणार.”

“किती माणसं?”

“चार-पाच.”

“बरं. तू नको काळजी करूस, वस्तीचं नाक खाली जायचं नाही.”

मंगळवारी ती शेडवर असायची. मॅडमची विद्यार्थी मुलं बाटल्या भरून न्यायची. निकाल काय आला म्हणून ती फोनवर विचारायची तर मॅडम समजावायच्या, “शेवटी एकदम सांगू. मध्येच सांगितलं की लोक वागणं बदलतात आणि अभ्यास बिघडतो.” तेही तिला पटायचं. शिकलेल्या माणसाला शिकलेल्या माणसाचं जरा लवकरच पटतं.

वर्ष संपल्यावर शाळेच्या वर्गात सभा झाली. मोठी माणसं लहान बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मॅडमनी भिंतीवर आलेख दाखवला. खालची वस्ती, नदीपलीकडची वस्ती, खाणीजवळची वस्ती, तिन्हींचे खांब लाल. त्यांच्या वस्तीचा हिरवा.

“तुमचे बाराच्या बारा नमुने स्वच्छ आहेत,” मॅडम म्हणाल्या. “यंत्रं त्या तीन वस्त्यांना जातील. तुम्हाला गरजच नाही.”

पाणी समितीचे अध्यक्ष उठून उभे राहिले. “म्हणजे चौघांत आमचा पहिला नंबर?”

“तसंच म्हणा.”

टाळ्या झाल्या. कॉलेजवालीनं पिशवीतून लांबट वही काढली. ती वही घेऊन उभी राहिली. “मॅडम, माझी मुलगी वर्षात अकरा वेळा आजारी पडली. पाळणाघरातली निम्मी पोरं पडतात. मग हे कशानं?”

मॅडमनी वही हातात घेतली, खरंच मन लावून वाचली. “फार छान नोंद ठेवलीत, ताई. पण पाणी ठीक असेल तर कारण घरातलं असू शकतं. हात धुणं, भांडी...”

“हात धुवायला शिकवा गं कुणीतरी कॉलेजवालीला!” मागून एक बाई म्हणाली आणि वर्ग खदखदला. कॉलेजवालीच्या बोटांची कातडी साबणानं सोललेली होती.

टाकीमामांना ते सहन झालं नाही. ते बाकातून कसेबसे सुटले. “हसू नका रे. हा नंबर आलाय तो या पोरीमुळं. मॅडम, पाहुणे येणार हे ही दर वेळी आठवणीनं सांगायची. एकदाही चुकली नाही. मग सोमवारी मी टाकी रिकामी करायचो, आत उतरून ब्रशनं घासायचो, आणि औषधाच्या पावडरची पिशवी पूर्ण आत. महिनाभर जपून ठेवायचो मी ती पिशवी, तुमच्यासाठी.”

पाण्यातले जंतू मारायची ती पावडर रोज चमचाभर टाकायची असते, हे त्या खोलीत चौघांना माहीत होतं. त्यातल्या तिघी विद्यापीठाच्या होत्या.

मॅडमचा हात आलेखाकडे जाता जाता हवेत राहिला. अध्यक्षांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

सभा पांगल्यावर मॅडम व्हरांड्यात तिच्याशेजारी येऊन बसल्या.

“चूक माझी आहे, ताई. नियम माझा होता.”

“मग पुन्हा तपासा ना. न सांगता या. उद्या या.”

“प्रकल्प संपलाय. अहवाल वर गेलाय. मी पत्र लिहू शकते की इथले नमुने खरे नव्हते. लिहीन मी, तुम्ही म्हणालात तर. पण मग वरचे विचारतील, बाकी तिन्हीकडे असं झालं नाही कशावरून? सगळंच अडेल. यंत्रं निघालीत, ताई. खालच्या वस्तीत आठवडाभरात बसतील.”

खालच्या वस्तीत तिची सख्खी बहीण दिलेली होती. पदरात दोन मुलं, त्यातलं धाकटं चिमीहूनही काटकुळं. ओझं मॅडमच्या खांद्यावरून आपल्या खांद्यावर सरकवलं जातंय हे तिला दिसत होतं, अगदी सरकताना दिसत होतं. तरी ते खाली टाकता येईना.

“नको लिहू,” ती म्हणाली. मग घाईनं सुधारलं, “नका लिहू.”

मॅडमबरोबरची उंच मुलगी पीएचडी करत होती. निघताना कॉलेजवालीनं तिला गाठलं. आज टाकी घासलेली नव्हती, कारण आज नुसती सभा होती. मुलीनं इकडेतिकडे बघितलं, पिशवीतून एक बाटली काढली आणि नळाखाली धरली.

नवव्या दिवशी शेडवर फोन आला. “ताई, खराब आहे. त्या तीन वस्त्यांहून खराब. पण हे मी माझ्या हौसेनं केलंय, याचा कागद नाही. माझं नाव घेऊ नका, प्लीज.”

ती अध्यक्षांकडे गेली. त्यांच्या भिंतीवर विद्यापीठाचं प्रमाणपत्र चौकटीत लागलं होतं. “कागद दाखव,” ते म्हणाले. कागद नव्हता. “मग माझ्या कागदाला खोटं ठरवायला निघालीस कशाच्या जोरावर?” नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “आता पुरे. लोक म्हणतात, हिला यंत्र मिळालं नाही म्हणून ही पाण्याला नावं ठेवते.”

शेवटी ती टाकीमामांकडे गेली. “मामा, पावडर रोज टाका. टाकी महिन्यातून एकदा तरी घासा.”

“आता कोण येणार आहे?”

“कोणी नाही. आपली पोरं पितात म्हणून.”

मामा दुखावले. “पोरांचं मी वाईट चिंतेन होय गं? पण पाणी पास झालंय, सगळ्या वस्तीसमोर. तुझ्या शब्दाखातर बारा वेळा चढलो ती शिडी. गुडघे गेले माझे.”

मग पुढच्या सोमवारी तिनं ते केलं. दारात उभी राहिली आणि म्हणाली, “मामा, उद्या मॅडम येणार.” मामा उजळले. टाकी घासली गेली, पिशवी रिकामी झाली. मंगळवारी मामा इस्त्रीचा सदरा घालून टाकीखाली दुपारपर्यंत उभे होते. तिनं सांगितलं, गाडी बिघडली. त्या आठवड्यात चिमी दोन वेळा पोटभर जेवली आणि ते पोटात राहिलं. पुढचा महिना, पुन्हा तेच. या वेळी तिनं सांगितलं, मॅडमच्या घरी आजारपण आहे.

तिसऱ्या महिन्यातल्या सोमवारी मामांनी तिला बोलूच दिलं नाही.

“मी फोन करून घेतला अध्यक्षांकडून,” ते म्हणाले. रागावलेले नव्हते, तेच वाईट होतं. “कोणी येत नाही. कोणी येणारही नाही. म्हाताऱ्याला दोनदा उन्हात उभं केलंस, पोरी. मला वाटायचं अख्ख्या वस्तीत तूच एक खोटं बोलत नाहीस.”

“मामा, ऐका तर...”

“आता मॅडम स्वतः दारात आल्या तरी मी चढायचा नाही.” त्यांनी टाकीच्या कुलपाची किल्ली खिळ्याला अडकवली आणि दार लोटलं, हळूच, आवाज होऊ न देता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला शेडची गाडी कोपऱ्यावर हॉर्न देत होती. तिनं चिमीला पाळणाघराच्या फाटकावरून आत दिलं. आतली बाई पिंप भरत होती. “बाटली दिलीय, तेवढीच पाजा हं,” ती म्हणाली, रोजच्यासारखी. “हो हो,” बाई म्हणाली, मान वर न करता. चिमीनं पिंपाकडे हात केला. गाडीनं पुन्हा हॉर्न दिला, आणि ती धावत सुटली.