वॉर्सा ते फ्रँकफर्ट, दोन तास

गुरुबसव येणार नव्हता. त्यानं रात्रीच फोनवर रडत रडत आईला सांगितलं होतं: तिथं राहायच्या परवान्याचे कागद नव्यानं करायला दिलेत, आत्ता पोलंड सोडला तर परत घ्यायचे नाहीत. लिंगम्मानं ऐकलं, बरं म्हणाली, फोन ठेवला, आणि दारात जमलेल्या भावकीला सांगून टाकलं की पोरगा निघालाय. बापाच्या मातीला एकुलता एक पोरगा आला नाही, हे गाव जन्मभर चघळलं असतं. तेवढं तिला नको होतं.

खोटं निभावणंही सोपं होतं. त्याला लागणारं सामान नवऱ्यानंच पुरवून ठेवलं होतं. सिद्धलिंगप्पा तीन वर्षं हुलसूरच्या बसस्टँडवर भेटेल त्याला थांबवून पोराचा रस्ता ऐकवायचे: वॉर्सा ते फ्रँकफर्ट नऊशे किलोमीटर, विमानानं दोन तास, तिथून नऊ तासांत हैदराबाद, पुढं गाडीनं चार तास की घर. आपण बिदरला जाऊन येईपर्यंत पोरगं एक देश ओलांडतं, असं म्हणताना त्यांची छाती फुगायची. हा रस्ता सगळ्या गावाला पाठ होता.

तेच सिद्धलिंगप्पा आता ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. लिंगायतांत मयताला बसवूनच नेतात, बसवूनच पुरतात. कपाळाला विभूती, तळहातावर इष्टलिंग, आणि मान कलू नये म्हणून कपाळावरून खुंटीला बांधलेली पट्टी. हुमनाबादहून बर्फाची पेटी आणावी म्हटलं, तर ती आडव्या माणसाची. शेतात खड्डा सकाळीच तयार झाला होता, आणि मार्चचं ऊन चढत होतं.

दहा वाजता विधीला आलेल्या स्वामींनी विचारलं, तेव्हा लिंगम्मा म्हणाली, तिकडं बर्फ पडायलाय, विमान वॉर्सातच अडकलंय. बाराला म्हणाली, उडालं. दोनला म्हणाली, फ्रँकफर्टला उतरायला जागा मिळेना. दोन तासांचा प्रवास तिच्या तोंडी चार तासांचा झाला आणि तरी संपेना. कुणी उलट विचारलं नाही. शेजारच्या तानाजीनं मोबाइल काढला, काहीतरी बघितलं आणि मुकाट्यानं खिशात ठेवला. लिंगम्माला वाटलं, पटलं बाबा यांना.

चारच्या सुमाराला पट्टी सरकली आणि सिद्धलिंगप्पांची मान एका बाजूला कलली. ती सावरायला गेली. उदबत्त्यांच्या धुरातूनही आता वास येत होता. पोराची अब्रू राखायला ह्या माणसाचे हे हाल आपण केले, ह्याची तिला शरम वाटली. तिनं धाकट्या दिराला, भीमण्णाला, जवळ बोलावलं.

"भीमण्णा, गुरू येत न्हाई. सकाळधरनं मी खोटं बोलायलेय."

भीमण्णानं आधी भावाची पट्टी नीट बांधली.

"वैनी, त्यानं रातीच मलाबी फोन केलता. समद्यांला म्हाईत हाय. तुमी उठा म्हणाल तवा उठू, म्हणून बसलोत."

लिंगम्मानं मान वर करून अंगणाकडं बघितलं. अंगणातली माणसं जमिनीकडं बघत होती. गावानं तिची लाज राखली होती. दिवसभर पोराची खरोखर वाट बघत कुणी बसलं असेल, तर तो भिंतीशी बसलेला तिचा नवरा एकटाच.