विक्रम मोजणारा दोर

मित्रांनो, जवळ या, पण हात लावू नका. मी एक जुना सुती दोर आहे आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही.

कारखान्यात मला पीळ दिला, टोकांना पितळी कड्या बसवल्या आणि मी एका मोजणीदाराच्या हाती आलो. सगळे त्यांना काका म्हणत. शिडाच्या होड्या जिथे वेगाचे विक्रम करायला येत, त्या किनाऱ्यावर आमचं काम. माझी लांबी पन्नास मीटर. मला दहा वेळा वाळूवर ताणलं की पाचशे मीटर. दोन्ही टोकांना खांब रोवायचे आणि तेवढं अंतर होडी किती सेकंदांत कापते ते बघायचं. "दोर चोख आहे," असं काका म्हणाले की मी फुशारून जायचो.

बाकी सगळ्यांवर माझी करडी नजर. घड्याळवाल्याचा अंगठा जरा लवकरच दाबतो की काय? पण सगळ्यात जास्त संशय मला एका होडी बांधणाऱ्याचा. होडी त्याची, चालवणार त्याची ताई. तीन वर्षं दोघं जागतिक विक्रमामागे हात धुऊन लागलेली. त्या सकाळी मोजणी झाली आणि हा पठ्ठ्या शेवटच्या खांबाशी घुटमळू लागला. म्हणे, वारा बघायला चिंधी बांधतोय. मी म्हटलं, इथे पाणी मुरतंय.

खरं तर मोजताना माझंच अंग आखडल्यासारखं झालं होतं. आदल्या दिवशी मी भिजलो होतो आणि काकांनी घाईत मला तसाच पेटीत कोंबला होता. वय झालं, असं म्हणून मी तो विषय सोडून दिला.

दुपारी ताईनं विक्रम मोडला, सेकंदाच्या दहाव्या भागानं. नियमाप्रमाणे काकांनी अंतर पुन्हा मोजलं. तोवर मी उन्हात खडखडीत वाळलो होतो. दहाव्या वेळी माझं टोक खांबाच्या दोन मीटर पुढे गेलं.

"खांब यानंच हलवलाय," काका भावाकडे बोट दाखवून म्हणाले. गर्दीत कुणीतरी त्याला चोर म्हणालं. तो गोरामोरा झाला. मला मात्र आनंद झाला होता. सांगायला लाज वाटते.

ताईनं मला उचललं, बादलीत चांगलं भिजू दिलं आणि काकांच्या हातात दिलं.

"सकाळी हा असाच ओला होता ना, काका? आता मोजा."

दहाव्या वेळी मी बरोबर खांबापाशी संपलो. म्हणजे खांब कुणी हलवला नव्हता, भिजून मीच आखूड झालो होतो. पण अंतर दोन मीटर कमी भरलं, त्यामुळे विक्रम गेलाच. काकांनी भावाची हात जोडून माफी मागितली.

पुढच्या वर्षी ताईनं तो विक्रम खरोखर मोडला. मोजायला पोलादी पट्टी होती, मी खुंटीवरून बघत होतो. होडी भावानंच बांधलेली, पण तो कुठे दिसेना. काकांनी विचारलं तेव्हा ताई म्हणाली, "खूप म्हटलं त्याला. म्हणतो, मी खांबाजवळ दिसलो तर लोक पुन्हा मोजायला लागतील."

मित्रांनो, आम्हाला कोरडं ठेवा, वरचेवर तपासत जा. आणि कुणाला चोर म्हणायच्या आधी तर नक्कीच तपासा. तेवढं त्या दुपारी झालं असतं, तर तो आपल्या ताईच्या शेजारी उभा असता.