तीन बोटांचा चाकू

लोहारानं चौथा चाकू माझ्या थोरल्या जावेपुढं टाकला आणि तो पाठ करून भात्याजवळ जाऊन बसला. हाही नको असेल तर सरळ विळा घेऊन जा, असं तो भिंतीकडं बघून म्हणाला. जाऊबाई काही हलल्या नाहीत. त्यांनी चाकू उचलला, उजव्या हाताचं पहिलं बोट मुठीच्या कड्यात घातलं, मूठ आवळली. मूठ म्हणजे काय, हाताचं जे उरलं होतं ते आवळलं. आणि चाकू परत खाली ठेवला. कडं घट्ट होतं. उन्हात बोट सुजलं की अडकून बसेल, म्हणाल्या.

त्याआधीचे तीनही त्यांनी असेच नापास केले होते. पहिला मिटता होता. त्याच्या सांध्यात झाडाचा चीक जातो, पातं अर्ध्यात अडतं, शिवाय उघडायला दोन हात लागतात. दुसऱ्याची मूठ लांब. लांब मूठ धरायला करंगळी आणि शेजारचं बोट लागतं, आणि ती दोन्ही बोटं जाऊबाईंना नव्हती. तिसऱ्याचं कडं सैल, पातं हातात गरगर फिरायचं. लोहार म्हातारा, रागीट, पण कारागीर. तो उठला, एक दोरा घेतला आणि त्यांच्या बोटाचं माप काढलं, मधल्या पेरावर एकदा आणि बुडाशी एकदा. करवतीच्या जुन्या पात्याचा तुकडा घेऊन त्यानं पाचवा चाकू घडवला. पातं दोन पेरांएवढं, धार एकाच बाजूला, कड्याच्या आतल्या कडा घासून गोल केलेल्या. तो हातात बसला तेव्हा जाऊबाई पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, टोक काढा.

"कलमाला टोक लागत नाही, पोरी."

"मला लागतं."

लोहारानं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसले. त्यानं मुकाट्यानं टोक काढून दिलं. आम्ही निघालो तेव्हा मात्र मागून म्हणाला, पोलाद चांगलं आहे, जपून वापर.

आता सगळं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई काय कसाईण होती की काय. आमच्या जाऊबाई कलमं बांधायच्या. आंब्याची. शंभर बांधली तर पंचाण्णव जगायची, आणि उरलेली पाच का मेली तेही त्या सांगायच्या. गावाबाहेरच्या रोपवाटिकेत आम्ही दोघी कामाला होतो. तिथल्या मालकाला सगळे रोपवाला म्हणतात. तिथं माती चाळायचं एक यंत्र होतं, पट्ट्यावर चालणारं. दीड वर्षापूर्वी त्यात दगड अडकला. यंत्र बंद केलं, जाऊबाईंनी दगड काढायला हात घातला, आणि छपराखाली उभ्या असलेल्या रोपवाल्यानं खटका ओढला. दारात ट्रक उभा होता, त्याला घाई. मागं वळून बघायचं एवढंही त्याच्यानं झालं नाही.

दोन बोटं गेली. ते एक वेळ सोसलं असतं. पण हा माणूस त्याच संध्याकाळी तोंड वर करून गावभर सांगत फिरला, की यंत्र चालूच होतं, बाईला डुलकी लागली आणि तिनं झोपेत हात घातला. ते बघणारं दुसरं कोणी नव्हतं. मी तेव्हा विहिरीवर झारे भरत होते, त्याचं मला अजून लागतं. गावानं त्याचं खरं मानलं. झोपाळू बाई, असं नाव पडलं. आमचं दोघींचं तिथलं काम सुटलं. ज्या बागांतून बोलावणी यायची त्यांनी दुसरे कारागीर शोधले. सासूबाईसुद्धा एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, रात्री लवकर निजत जा गं. जाऊबाई ताटावरून उठून गेल्या. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं: त्याची तीच दोन बोटं. मला त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं, धुणं पिळता पिळता, जसं कोणी बाजारातून काय आणायचं ते सांगतं. आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते बरोबरच वाटलं.

चाकू आला, आता तो बाळगायचा कसा, हा प्रश्न. कमरेला खोचला तर वाकताना टोचायचा. पिशवीत ठेवला तर सापडायचा नाही. शेवटी त्यांनी पाण्याच्या जुन्या पाइपाचा तुकडा चुलीवर मऊ केला, चाकूभोवती वाटणाच्या पाट्याखाली दाबून म्यान केलं, भोक पाडून दोरी ओवली आणि चाकू गळ्यात उलटा अडकवला, पोलक्याच्या आत. मूठ खाली. बोट कड्यात घालून खाली ओढलं की पातं हातात. आधी सावकाश, मग बोलता बोलता, मग डोळे मिटून. महिनाभर त्या परसात बसून एरंडाच्या फांद्या कापत होत्या. सगळ्या फांद्या एकाच जाडीच्या, बोटाएवढ्या. एका झटक्यात तुटली तर बाजूला, दुसऱ्यांदा पातं लावावं लागलं तर चुलीत. चुलीत जाणाऱ्या रोज कमी व्हायला लागल्या तशी माझी झोप उडाली. राग वेगळा आणि रक्त वेगळं, हे मला परसात बसून कळलं. मी दोनदा बोलायला गेले. त्या म्हणाल्या, "तुझी दहा आहेत ना? मग गप बस."

तो महिना सरता सरता वादळ झालं. रोपवाल्याचं मोठं झाड, ज्याच्या कलमाच्या काड्यांवर त्याची सगळी वाटिका उभी होती, मुळासकट आडवं पडलं. पडलेल्या झाडाच्या काड्या ओल्या गोणपाटात चार दिवस टिकतात, पाच दिवस टिकल्या तर नशीब. तेवढ्यात जितकी कलमं बांधून होतील तितकं ते झाड राहणार, बाकी सरपण. त्याच्या नव्या कारागिरानं पहिल्या दिवशी बांधलेली कलमं बघून रोपवाल्याला रडू आलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नाक मुठीत धरून आमच्या दारात उभा राहिला.

मी त्याला हाकलायला पदर खोचून उठलेच होते. जाऊबाईंनी मला डोळ्यांनी बसवलं. येते म्हणाल्या, पण काम आपल्याकडच्या रीतीनं होईल. आमच्याकडं कलमाची रीत अशी की कापायचं कारागिरानं आणि रोप धरायचं मालकानं, स्वतःच्या हातानं. उद्या कलम मेलं तर हात कुणाचा हलला यावरून भांडण नको, म्हणून. रोपवाला एवढ्यावर सुटलो म्हणून हसला. वहिनी, धरतो की, म्हणाला.

हिरव्या जाळीखाली आम्ही बसलो. त्या आणि तो समोरासमोर, मधे रोपाची पिशवी, आणि मी कलमावर पट्ट्या बांधायला शेजारी. पलीकडच्या वाफ्यात सात-आठ बाया पिशव्या भरत होत्या. रोपाचा शेंडा छाटायचा, मग उभ्या खोडाला मधोमध चीर द्यायची, त्यात पाचरीसारखी तासलेली काडी बसवायची. चीर देताना पातं वरून खाली येतं, आणि खाली धरणाऱ्याची बोटं असतात. जाऊबाईंनी पोलक्यातून चाकू ओढला. रोपवाल्यानं तो बघितला, कडं बघितलं, टोक बघितलं. कापायच्या आधी त्यांनी तो हात वर धरला, त्याला नीट दिसेल असा.

पहिली चीर त्याच्या बोटाच्या वर गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर येऊन थांबली. दुसरीही तिथंच. तिसरीही. त्यानं करंगळी लांब केली.

"ती आत घ्या," जाऊबाई म्हणाल्या. "बाहेर राहिली की मधे येते."

त्यानं घेतली. पहिल्या दिवशी दीडशे कलमं झाली. त्याच्या कपाळावरून घाम खोडावर पडायचा आणि त्या तो फडक्यानं पुसायच्या, कलमात पाणी जायला नको म्हणून. घरी येताना मी म्हटलं, त्याच्या पट्ट्या सैल बांधते, मरू देत सगळी. जाऊबाई माझ्यावर खेकसल्या. काम वाकडं करायचं नाही, म्हणाल्या, त्याचं माझं जे आहे ते बोटांचं आहे, झाडानं काय केलंय? रात्री त्यांनी चाकूला पुन्हा धार लावली. मी मेले असते तर बरं, असं वाटत होतं. कारण मला ठाऊक होतं, पहिला दिवस हात बसवायचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो पार गळाला होता. मधेच उठून जाईन म्हणावं तर गोणपाटातल्या काड्या सुकत होत्या. धरायला गडी बसवतो, असं सकाळी एकदा म्हणून बघितलं होतं त्यानं. मग कापायलाही गडी बसवा, असं उत्तर मिळालं. ऊन डोक्यावर असताना पातं खाली आलं आणि दाण्याएवढं जे अंतर होतं तेही उरलं नाही. करंगळीच्या नखावरून एक पापुद्रा निघाला, कांद्याचा निघतो तसा. रक्त नाही. पातं नखावर टेकूनच राहिलं.

"हललात," जाऊबाई म्हणाल्या.

"नाही हललो. शपथेवर सांगतो वहिनी, मी नाही हललो."

"मीपण झोपले नव्हते."

पलीकडं खोऱ्याचे आवाज थांबले. जाऊबाईंचा हात अजिबात कापत नव्हता. एरंडाच्या कितीतरी फांद्या माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. मी त्यांचं मनगट धरायला हवं होतं. धरलं नाही. भीतीनं, की दीड वर्ष पोटात ठेवलेल्या रागानं, ते मला आजही सांगता येत नाही. रोपवाल्यानं एकदा पात्याकडं बघितलं, एकदा त्या तीन बोटांकडं, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं," जाऊबाई म्हणाल्या. "मला ठाऊक आहे. त्यांना सांगा."

"यंत्र बंद होतं," तो बायांकडं तोंड करून म्हणाला. "बंद होतं. मी न बघता खटका ओढला. बाई जागी होती."

त्या बायांतली एक, जी दीड वर्ष जाऊबाईंना वाटेत बघून खोटी जांभई द्यायची, तिनं हातातलं खोरं खाली ठेवलं आणि पदरानं तोंड पुसत राहिली. मला वाटलं आता जाऊबाई रडतील. निदान चाकू म्यानात घालतील. मलाच रडू फुटलं आणि पट्टी हातातून निसटली.

रोपवाल्यानं हळूच हात मागं घेतला. बोललो ना वहिनी, म्हणाला, मिटलं ना आता? धरायला गड्याला बसवू?

जाऊबाईंनी शेजारून पुढची पिशवी ओढली, रोपाचा शेंडा छाटला आणि पात्याचा चीक फडक्यानं पुसला.

"तुमचं मिटलं असेल," त्या म्हणाल्या. "अजून ऐंशी आहेत. धरा."

त्यानं धरलं. दिवस मावळेपर्यंत धरलं.