उतरवलेली तार

व्हायोलिनच्या खुंटीवर अंगठ्याचा ठसा होता — गजाच्या राळेचा, पांढरट, जरासा घसरलेला. व्हीबकेने पुसायला रुमाल काढला आणि तसाच खिशात कोंबला. हिन्रिकचा ठसा. सगळ्यांत वरची तार त्याने अर्धा सूर उतरवून व्हायोलिन पाठवलं होतं, कारण मृत्यूच्या नाचाच्या या रचनेत मृत्यू थडग्यावर बसून व्हायोलिन वाजवतो तेव्हा ते बेसूरच लागलं पाहिजे; एवढ्या एका तुकड्यासाठी ऑर्केस्ट्राच्या पहिल्या वादकाने हे दुसरं व्हायोलिन जवळ ठेवायचं. पहिला वादक आजवर हिन्रिक होता. आता ती.

"हात थरथरत होते, तरी कुणाला शिवू दिलं नाही," त्याची बायको आन्त्ये सकाळी दारातच म्हणाली होती. "हॉस्पिसमधल्या नर्सला म्हणतो कसा, बाई, माझी नाडी राहू दे, आधी तार बघू दे." व्हीबके हसली. हसायला नको होतं... पण आन्त्येच आधी हसली होती. आता आन्त्ये रिकाम्या सभागृहात पुढच्याच रांगेत बसली होती, कोट मांडीवर घेऊन, तालीम ऐकून नवऱ्याला सांगायला.

आणि त्या दिवशीचं ते कॅन्टीन — हिन्रिकने कॉफीचा कप खाली ठेवला, डॉक्टरांनी हात टेकले म्हणाला, केक तसाच राहिला — आणि टेबलाच्या कडेवर व्हीबकेच्या डाव्या हाताची बोटं चालू लागली होती. हाच तुकडा. माणूस जिवंत समोर बसलेला, आणि इकडे बोटांना घाई. कुणी पाहिलं नाही, असं ती तेव्हापासून स्वतःला बजावत आली. गावातल्या मारिया चर्चमधल्या, युद्धात जळून गेलेल्या जुन्या चित्रात पोपपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत सगळ्यांना मृत्यू नाचायला ओढत होता, आणि जो तो म्हणत होता, आत्ता नको. दुसऱ्याची पाळी आली म्हणून मनातून खूश झालेलं माणूस त्या रांगेत कुणी रंगवलं नव्हतं. मी आहे ना ती... मला कुठे उभं करणार? लाज वाटते मला.

तेवढ्यात आन्त्ये उठून व्यासपीठाशी आली.

"अगं, मुख्य निरोप राहिलाच. तो म्हणाला, तिसऱ्या ओळीत तू घाई करतेस, तिथे जरा दमाने घे."

"पण त्यांनी मला हे वाजवताना कधी ऐकलं?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, ऐकलं नाही, कॅन्टीनमध्ये बघितलं. काय ते तुमचं तुम्हाला ठाऊक. संध्याकाळी येशील ना? वाट बघतोय तो."

व्हीबकेचे कान तापले. म्हणजे पाहिलं होतं... स्वतःच्या मरणाची बातमी सांगता सांगता त्याने तिची बोटं वाचली होती, आणि रागावायचं सोडून चूक तेवढी काढली होती — रागावला असता तर बरं झालं असतं, निदान तिलाही थोडं रागावता आलं असतं.

तालीम सुरू झाली; हार्पवर मध्यरात्रीचे बारा ठोके पडले. तिने व्हायोलिन उचललं. उतरवलेली तार चरचरली, आणि बघता बघता तिसरी ओळ आली. ती दमाने घेऊ लागली, एकेक सूर धरून... ओळ संपूच नये असं तिला वाटलं. आत्ता नको, आत्ता नको, ती मनात म्हणत होती. पण ते त्याच्यासाठी, की संध्याकाळी त्याच्या डोळ्याला डोळा द्यावा लागेल म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.